संगणक सल्ला : डेस्कटॉप ॲप आणि सोशल मीडियाच्या खात्याची परवानगी

संगणकावरच्या ॲपमधून सोशल मीडियाची खाती चालवण्याबद्दल बरीच पत्रे आली आहेत. ती या अंकात एकत्र घेतली आहेत. सुरुवातीचे तीन प्रश्न नुसते ॲप वापरणाऱ्यांचे आहेत, पुढचे बहुतेक स्वतः ॲप लिहिणाऱ्यांचे. आज्ञावलीतली नावे इथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावी लागतील.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमांच्या पोस्ट वेळेवर जाव्यात म्हणून संगणकावर एक ॲप बसवले. ‘खाते जोडा’ हे बटण दाबले की ॲप बाजूला राहते आणि ब्राउझर उघडून तिथे लॉग-इन मागितले जाते. ॲपमध्येच पासवर्ड का घेत नाहीत? यात काही फसवणूक तर नाही?
— वाचनालयाचे कार्यकर्ते, वाई

ब्राउझर उघडतो तेच बरोबर आहे. ॲपने स्वतःच्या खिडकीत पासवर्ड मागितला असता तर काळजी करायला हवी होती.

पूर्वी पद्धत तशीच होती. ट्विटरची बाहेरची ॲप्स सरळ पासवर्ड घेत आणि तो आपल्याकडे साठवून ठेवत. एखादे ॲप लबाड निघाले की खातेच हातचे जाई, आणि पासवर्ड बदलला की चांगली ॲप्सही बंद पडत. २००७ मध्ये ओऑथ नावाची ठरावीक पद्धत आली. ट्विटरने ३१ ऑगस्ट २०१० रोजी पासवर्ड घेणाऱ्या ॲप्सना दरवाजा बंद केला. २०१२ मध्ये ओऑथ २.० आले आणि आज बहुतेक सेवा तेच वापरतात.

पडद्यामागे घडते ते असे. ॲप ब्राउझरला सेवेच्या पानावर पाठवते आणि सोबत आपली ओळख व हव्या असलेल्या परवानग्यांची यादी देते. तुम्ही सेवेच्याच पानावर लॉग-इन करून ‘परवानगी द्या’ दाबता. सेवा ॲपकडे एक अल्पजीवी कोड पाठवते. तो कोड देऊन ॲप टोकन मिळवते आणि पुढे प्रत्येक पोस्टबरोबर ते टोकन दाखवते. या सगळ्यात पासवर्ड ॲपच्या हाती कधीच पडत नाही. टोकनला बेअरर चेक समजा. ज्याच्या हातात असेल त्याला ते चालते, पण त्यावर लिहिले आहे तेवढ्याच कामापुरते.

तुम्ही दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे पत्त्याच्या पट्टीतले सेवेचे नाव. नुसते कुलपाचे चिन्ह पुरेसे नाही, कारण बनावट साइटलाही ते मिळते. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल आणि त्याने पासवर्ड आपोआप भरला नाही, तर आधी पत्ता पुन्हा वाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे कोपऱ्यातले खात्याचे नाव. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ब्राउझरमध्ये कार्यकर्त्याचे वैयक्तिक खाते आधीपासून उघडे असते, म्हणून पासवर्ड विचारलाच जात नाही. घाईत परवानगी दिली जाते आणि वाचनालयाच्या पोस्ट त्या कार्यकर्त्याच्या भिंतीवर जाऊन पडतात. हे टाळायचे असेल तर परवानगीच्या पानाचा पूर्ण पत्ता कॉपी करा, त्याच संगणकावर खासगी खिडकी उघडून तिथे चिकटवा आणि वाचनालयाच्या खात्याने लॉग-इन करा. उत्तर ॲपपर्यंत बरोबर पोचते. ते कोणत्या खिडकीतून आले याच्याशी ॲपला देणेघेणे नसते.

प्रश्न : मला फक्त इतरांच्या पोस्ट वाचायच्या आहेत, पण ॲप ‘तुमच्या वतीने पोस्ट करणे’ आणि ‘फॉलो यादी बदलणे’ याही परवानग्या मागते. नको असलेल्या काढता येतात का?
— निवृत्त शिक्षिका, चिपळूण

ते सेवेवर अवलंबून आहे. गूगलच्या पानावर एकाहून अधिक परवानग्या असल्या की बहुधा प्रत्येकीपुढे चौकोन येतो. नको त्या रिकाम्या सोडाव्यात. फेसबुकवरही काही परवानग्या वगळता येतात. मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या सेवेवर मात्र सगळे घ्या किंवा सगळे सोडा असा मामला आहे.

यादी वाचताना ‘फक्त वाचणे’ म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नका. मॅस्टोडॉनवर सरसकट वाचनाची परवानगी दिली की त्यात तुम्हाला आलेल्या खासगी पोस्ट आणि सूचनाही येतात. नुसत्या वाचनाच्या ॲपला लेखनाची परवानगी लागत असेल, तर बहुतेक वेळा ‘आवडले’ किंवा ‘फॉलो करा’ ही बटणे चालावीत एवढेच कारण असते. ती बटणे तुम्हाला नको असतील तर दुसरे ॲप शोधणे सोपे.

प्रश्न : संशय आला म्हणून पासवर्ड बदलला आणि ॲप संगणकावरून काढूनही टाकले. तरी दोन दिवसांनी माझ्या खात्यावरून पोस्ट गेली. असे कसे?
— छायाचित्रकार, पणजी

ॲप काढले म्हणजे संगणकावरच्या फाइली गेल्या. सेवेच्या दफ्तरी दिलेली परवानगी तशीच राहते. ॲपची स्वतःची यंत्रणा इंटरनेटवर असेल (पोस्ट वेळेवर टाकणाऱ्या ॲप्सची बहुधा असते) तर टोकन तिथे पडून असते आणि तुमचा संगणक बंद असतानाही काम करत राहते.

पासवर्ड बदलल्याचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. फेसबुकवर पासवर्ड बदलला की जुनी टोकने निकामी होतात. गूगलवर जीमेलची परवानगी असलेली टोकने रद्द होतात, बाकीची चालू राहू शकतात. म्हणून परवानगी स्वतःच काढावी. मॅस्टोडॉनवर सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट’खाली अधिकृत ॲप्सची यादी आहे. फेसबुकवर ‘ॲप्स अँड वेबसाइट्स’ पाहा. एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) ‘सिक्युरिटी अँड अकाउंट ॲक्सेस’मधून ‘ॲप्स अँड सेशन्स’, त्यात ‘कनेक्टेड ॲप्स’. गूगल खात्यात सुरक्षा विभागातल्या ‘थर्ड पार्टी’ जोडण्या. या जागांची नावे अधूनमधून बदलतात. सापडले नाही तर सेटिंग्जमध्येच शोधा.

संशय असेल तेव्हा क्रम असा ठेवा : आधी पासवर्ड बदला, मग बाकी सर्व उपकरणांवरची सत्रे बंद करा, मग ॲप्सची यादी साफ करा. उलट क्रमाने केले तर ज्याच्याकडे जुना पासवर्ड आहे तो तुमच्या पाठोपाठ नवी परवानगी देऊन मोकळा होतो.

प्रश्न : पायथॉनमध्ये एक छोटे ॲप लिहीत आहे. संगणकावर टाइप केलेली मराठी पोस्ट चित्रासह मॅस्टोडॉनवर जावी, एवढेच त्याचे काम. परवानगीचा भाग पहिल्यापासून क्रमाने सांगाल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

मॅस्टोडॉन हा शिकायला उत्तम नमुना आहे. पैसे लागत नाहीत, डेव्हलपर खात्यासाठी अर्ज करावा लागत नाही आणि नियम उघडे आहेत. अडचण एकच : मॅस्टोडॉन म्हणजे एक सर्व्हर नव्हे. हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत आणि तुमचे ॲप त्यातल्या प्रत्येकाला अनोळखी आहे.

म्हणून सुरुवात सर्व्हरचे नाव विचारण्यापासून. लोक इथे वाटेल ते टाइप करतात : पूर्ण हँडल, पुढे एचटीटीपीएस लावलेला पत्ता, शेवटी मोकळी जागा. हे सगळे छाटून फक्त डोमेन ठेवा. मग त्या सर्व्हरच्या ‘ॲप्स’ या एपीआय पत्त्यावर (एपीआय म्हणजे ॲप्सनी सेवेशी बोलायची वाट) पोस्ट विनंती पाठवून नोंदणी करा. त्यात ॲपचे नाव, परतीचा पत्ता म्हणजे रिडायरेक्ट यूआरआय, हवे ते स्कोप म्हणजे परवानग्या आणि वेबसाइट एवढे द्यायचे. उत्तरात क्लायंट आयडी आणि क्लायंट सीक्रेट, म्हणजे ॲपची ओळख आणि ॲपचा पासवर्ड, मिळतात. ते सर्व्हरच्या नावाखाली जपून ठेवा. दर वेळी ॲप सुरू झाले की नवी नोंदणी करणारी ॲप्स आहेत. तसे करू नका.

स्कोप मोजकेच मागा. तुमच्या कामाला ‘राइट:स्टेटसेस’ आणि चित्रासाठी ‘राइट:मीडिया’ लागतील. कोणत्या खात्याने लॉग-इन झाले हे दाखवायला ‘रीड:अकाउंट्स’. बस्स. नोंदणीत जे स्कोप दिले, परवानगी मागताना तेच किंवा त्यांतलेच काही मागता येतात. एकही जास्त मागितला की सर्व्हर ‘इनव्हॅलिड स्कोप’ म्हणून परत पाठवतो.

आता पीकेसीई. कोड मध्येच कोणी पळवला तरी त्याला तो वापरता येऊ नये म्हणून केलेली ही २०१५ ची सोय आहे आणि मॅस्टोडॉनने ती ४.३ या आवृत्तीपासून घेतली. पायथॉनच्या ‘सीक्रेट्स’ मॉड्यूलमधून ३२ बाइट यादृच्छिक घ्या आणि यूआरएलला चालणाऱ्या बेस-६४ मध्ये बदला. शेवटचे बरोबरीचे चिन्ह काढले की ४३ अक्षरे उरतात. हा व्हेरिफायर. नियमात तो ४३ ते १२८ अक्षरांचा असावा लागतो, म्हणजे तुमचा जेमतेम बसतो. त्याचा एसएचए-२५६, म्हणजे उलट न फिरवता येणारा ठसा, काढून तसाच बदलला की चॅलेंज तयार होतो. तोही ४३ अक्षरांचाच दिसतो, आणि त्यामुळेच पुढे व्हेरिफायरच्या जागी चॅलेंज पाठवण्याची चूक हमखास होते. दोन्हींची नावे कोडमध्ये ठळक वेगळी ठेवा. आणखी एक यादृच्छिक मजकूर तयार करा, तो ‘स्टेट’.

यानंतर १२७.०.०.१ या पत्त्यावर (म्हणजे याच संगणकावर) परतीचे उत्तर ऐकणारा छोटा एचटीटीपी सर्व्हर सुरू करा. ब्राउझर उघडण्याच्या आधी, नंतर नव्हे. ज्याचे लॉग-इन आधीच झाले आहे तो क्षणात ‘परवानगी द्या’ दाबतो आणि ऐकणारे कोणी नसले की कोड वाया जातो. पोर्ट नोंदणीत दिला तोच ठेवा. मग ‘वेबब्राउझर’ मॉड्यूलने परवानगीचे पान उघडा. पत्त्यात उत्तराचा प्रकार ‘कोड’, क्लायंट आयडी, परतीचा पत्ता, स्कोप, स्टेट, चॅलेंज आणि पद्धत ‘एस२५६’ हे सगळे द्या.

परत आलेल्या विनंतीत प्रथम स्टेट जुळवा. तो जुळत नसेल तर कोड फेकून द्या. हे केले नाही तर दुसरा कोणी स्वतःच्या खात्याचा कोड तुमच्या ॲपच्या गळ्यात मारू शकतो आणि वापरणाऱ्याच्या पोस्ट व फोटो त्या परक्या खात्यात जमा होतात. वापरणाऱ्याने नकार दिला असेल तर कोडऐवजी ‘ॲक्सेस डिनाइड’ येते. तेव्हा लाल अक्षरांत त्रुटी दाखवू नका. नकार देणे हा त्याचा हक्क आहे. ब्राउझरला ‘काम झाले, ही खिडकी बंद करा’ असे साधे पान पाठवा आणि हेडरमध्ये यूटीएफ-८ लिहायला विसरू नका, नाहीतर मराठीचा चुराडा दिसतो.

कोड हातात आला की लगेच टोकनच्या पत्त्यावर पोस्ट विनंती पाठवा. सोबत कोड, क्लायंट आयडी, सीक्रेट, व्हेरिफायर आणि पुन्हा तोच परतीचा पत्ता. कोड एकदाच चालतो. ओऑथच्या नियमांत त्याचे आयुष्य जास्तीत जास्त १० मिनिटे असावे अशी शिफारस आहे; एक्सवर तर ते ३० सेकंद आहे. ‘इनव्हॅलिड ग्रँट’ आले तर बहुधा तोच कोड दुसऱ्यांदा पाठवला गेला आहे, परतीच्या पत्त्यात फरक आहे किंवा व्हेरिफायर चुकला आहे.

टोकन मिळाल्यावर आधी ‘व्हेरिफाय क्रेडेन्शियल्स’ला विचारून खात्याचे नाव पडद्यावर दाखवा. वाईच्या पत्रात आलेला घोटाळा तिथेच थांबतो. मग पोस्ट पाठवा. सर्वसाधारण मर्यादा ५०० अक्षरांची, पण सर्व्हरचालक ती बदलू शकतो; दुवा कितीही लांब असला तरी २३ अक्षरे धरला जातो. प्रत्येक पोस्टसोबत ‘आयडेम्पोटन्सी की’ हा हेडर द्या. नेट मध्येच तुटून विनंती पुन्हा गेली तरी पोस्ट दोनदा उमटत नाही. आणि ४०१ व ४०३ यांत फरक करा : पहिल्याचा अर्थ टोकन चालत नाही, पुन्हा परवानगी घ्या, दुसरा बहुधा सांगतो की टोकन ठीक आहे, पण हे काम त्याच्या स्कोपमध्ये नाही.

प्रश्न : परवानगी दिल्यावर ब्राउझरमध्ये ‘या साइटवर पोहोचता येत नाही, कनेक्शन नाकारले’ असे येते. काही संगणकांवर चालते, काहींवर नाही.
— सॉफ्टवेअर विकसक, नाशिक

डेस्कटॉप ॲपचे दुखणे जवळजवळ नेहमी या परतीच्या वाटेवरच असते. जाताना सगळे सुरळीत जाते.

काही संगणकांवर चालते आणि काहींवर नाही, या लक्षणावरून पहिला संशय ‘लोकलहोस्ट’ या, हाच संगणक दाखवणाऱ्या नावावर घ्यावा. काही संगणकांवर त्या नावाचा अर्थ आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीतला पत्ता असा लागतो आणि तुमचा सर्व्हर मात्र जुन्या आयपीव्ही४ वर ऐकत असतो. स्थानिक ॲप्ससाठीच्या २०१७ च्या नियमावलीतही नावाऐवजी १२७.०.०.१ असा आकडाच वापरावा असे सुचवले आहे. सेवेकडे नोंदवलेला पत्ता आणि विनंतीतला पत्ता हे अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत : एचटीटीपी की एचटीटीपीएस, शेवटी तिरकी रेघ आहे की नाही, सगळे. या स्थानिक पत्त्याला एचटीटीपी पुरते. मजकूर संगणकाबाहेर जातच नाही.

दुसरे कारण, पोर्ट आधीच कोणीतरी धरलेला असतो. ८०८० वर तर अर्ध्या जगाचे काही ना काही चालू असते. वरच्या नियमावलीप्रमाणे सेवेने स्थानिक पत्त्यासाठी कोणताही पोर्ट स्वीकारायला हवा आणि गूगलची डेस्कटॉप नोंदणी तसे करते. तिथे पोर्ट शून्य देऊन संचालन प्रणालीकडून मोकळा पोर्ट घ्यावा. जी सेवा ठरावीक पोर्टच मानते, तिच्याकडे दोन-तीन पत्ते नोंदवून ठेवा.

तिसरे कारण जरा लपलेले आहे. एकच विनंती घेऊन बंद होणारा सर्व्हर लिहिला असेल तर क्रोमसारखा ब्राउझर आधीच एखादी रिकामी जोडणी उघडून ठेवतो आणि एकधागी सर्व्हर तिच्यावरच ताटकळत बसतो. टॅबवरच्या चिन्हासाठी येणारी विनंतीही मध्ये कडमडते. ज्या विनंतीत स्टेट आणि कोड दोन्ही आहेत ती येईपर्यंत फेरी चालू ठेवा, प्रत्येक जोडणीला काही सेकंदांची मुदत द्या आणि पाच मिनिटांनी सगळे गुंडाळा.

विंडोजच्या फायरवॉलची खिडकी उघडत असेल तर सर्व्हर ०.०.०.० वर ऐकतो आहे. म्हणजे ऑफिसच्या सगळ्या नेटवर्कला तो दिसतो. १२७.०.०.१ वर बांधा. खिडकीही जाईल आणि धोकाही. ॲप दूरच्या संगणकावर आणि ब्राउझर समोरच्या, अशी मांडणी असेल तर मात्र ही वाट मुळातच उपयोगाची नाही. त्यासाठी रत्नागिरीच्या पत्राचे उत्तर पाहा.

प्रश्न : क्लायंट सीक्रेट एक्झी फाइलमध्ये लपवायचे आहे. कोणते एन्क्रिप्शन वापरू?
— स्वतंत्र विकसक, ठाणे

कोणतेही वापरा, उपयोग नाही. सीक्रेट उलगडण्याची किल्लीही त्याच फाइलमध्ये ठेवावी लागते आणि फाइल तर लोकांच्या हातात आहे. ट्विटरच्या स्वतःच्या ॲप्समधल्या किल्ल्याही २०१३ मध्ये बाहेर आल्या होत्या. गूगल डेस्कटॉप ॲपला सीक्रेट देते, पण ते गुपित धरलेले नाही. वाटल्या जाणाऱ्या ॲपमध्ये सीक्रेट गुपित राहत नाही असे धरूनच आखणी करायची. संरक्षण पीकेसीईमुळे मिळते : कोड कोणी मध्येच पळवला तरी व्हेरिफायर तुमच्या ॲपच्या स्मृतीतच असतो आणि त्याशिवाय टोकन मिळत नाही.

लपवण्याची मेहनत वापरणाऱ्याच्या टोकनवर खर्च करा. साध्या मजकूर फाइलमध्ये टोकन ठेवू नका. विंडोजवर क्रेडेन्शियल मॅनेजर, मॅकवर कीचेन, लिनक्सवर सीक्रेट सर्व्हिस. पायथॉनमध्ये ‘कीरिंग’ नावाची लायब्ररी या तिन्हींशी बोलते. विंडोजची एक मर्यादा लक्षात असू द्या : एका नोंदीत २,५६० बाइटच मावतात. काही सेवांची टोकने लांबलचक असतात. ती फाइलमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवावीत आणि फक्त तिची किल्ली क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये. लॉग फाइलमध्ये पूर्ण हेडर छापले जात नाहीत ना, तेही पाहा. मदत मागताना लोक लॉग जसाच्या तसा चिकटवतात. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये टोकन चुकून गेले असेल तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, इतिहासात ते राहतेच. रद्द करून नवे घ्या.

प्रश्न : फ्लिकरवर फोटो चढवणारे ॲप लिहिले. इंग्रजी शीर्षक दिले की फोटो जातो, मराठी दिले की ‘सही चुकीची’ अशी त्रुटी. शिवाय दुकानातल्या एका जुन्या संगणकावर इंग्रजीही जात नाही.
— छायाचित्र स्टुडिओचालक, कोल्हापूर

फ्लिकर अजून ओऑथ १.० वर आहे. तिथे प्रत्येक विनंतीवर एचएमएसी-एसएचए१ या पद्धतीने सही, म्हणजे मजकूर आणि गुप्त किल्ली यांतून काढलेली खूण, करावी लागते. फोटोची फाइल सहीत येत नाही, पण शीर्षक, वर्णन, टॅग हे सगळे येतात.

मराठी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे असते. ‘न’ चे बाइट ई०, ए४, ए८. सहीसाठी प्रत्येक बाइटपुढे टक्क्याचे चिन्ह लावून लिहायचे, हेक्स अक्षरे कॅपिटल. मग सगळी जोडी एकत्र करून सहीचा मूळ मजकूर बनवताना त्याच मजकुराला पुन्हा एकदा तीच प्रक्रिया लागते, म्हणजे टक्क्याचे चिन्ह स्वतः ‘टक्का २५’ होते. इंग्रजी अक्षरांना ही प्रक्रिया लागतच नाही, म्हणून चूक झाकलेली राहते आणि मराठी येताच उघडी पडते. तुमचे एकशब्दी इंग्रजी शीर्षक जाते पण दोन शब्दांचे जात नाही, असे होत असेल तर दोष मोकळ्या जागेत आहे : ती ‘टक्का २०’ हवी, अधिक चिन्ह नव्हे.

एवढे करूनही काही मोजकीच शीर्षके अडत असतील तर त्यांत ‘ऱ्य’ आहे का पाहा. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ मधला ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो : एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हे. दिसायला सारखाच, बाइट वेगळे. सही एका रूपावर झाली आणि मध्ये एखाद्या लायब्ररीने दुसरे रूप करून पाठवले की सही चुकते. मजकूर हाती येताच एकदा युनिकोडच्या एनएफसी या जोडलेल्या रूपात आणा आणि त्यानंतर त्याला हात लावू नका.

जुन्या संगणकाचे दुखणे बहुधा घड्याळात आहे. सहीत वेळ असते आणि ती फार मागेपुढे असली की विनंती नाकारली जाते. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख मागे पडते. तारीख खूपच मागे असेल तर साध्या साइटही प्रमाणपत्राची तक्रार करतात. त्यावरून ओळखता येईल. बॅटरी बदला, वेळ इंटरनेटवरून जुळवायची सोय चालू करा. घड्याळ बरोबर दिसते पण फरक नेमका १९,८०० सेकंदांचा आहे, असे आढळले तर दोष कोडचा आहे. तो साडेपाच तासांचा फरक म्हणजे भारतीय वेळ जागतिक वेळ समजून पाठवली जाते आहे.

प्रश्न : यूट्यूबसाठी लिहिलेले माझे ॲप दर आठवड्याला पुन्हा लॉग-इन मागते.
— यूट्यूब वाहिनीचालक, बार्शी

तुमचा प्रकल्प गूगलच्या दफ्तरी अजून ‘टेस्टिंग’ अवस्थेत आहे. बाहेरच्या वापरकर्त्यांसाठी नोंदवलेल्या अशा प्रकल्पाचे रिफ्रेश टोकन (ज्याच्या बळावर ॲप लॉग-इन न मागता नवे टोकन घेते ते) ७ दिवसांनी संपते आणि चाचणी वापरकर्तेही १०० च. कन्सेंट स्क्रीनच्या (परवानगीच्या पानाच्या) सेटिंगमध्ये प्रकल्प ‘इन प्रॉडक्शन’ करा आणि पुन्हा एकदा परवानगी घ्या. जुने टोकन वाढत नाही. पडताळणी झालेली नसेल तर इशाऱ्याचे पान येईल, स्वतःपुरत्या वापराला ते चालते. सहा महिने न वापरलेले रिफ्रेश टोकनही बाद होते. एक्सवर लिहिणाऱ्यांसाठी जाता जाता : तिथे ‘ऑफलाइन डॉट ॲक्सेस’ हा स्कोप मागितला नाही तर रिफ्रेश टोकन मिळतच नाही आणि दोन तासांत काम थांबते.

प्रश्न : रास्पबेरी पाय या माझ्या छोट्या संगणकाला मॉनिटर नाही. त्यावर परवानगी कशी घेऊ?
— छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणारे, रत्नागिरी

डिव्हाइस पद्धत वापरा. ॲप सेवेकडून एक छोटा कोड घेते, तुम्ही तो फोनवर सेवेच्या पानावर टाइप करता आणि तोवर ॲप थोड्या थोड्या वेळाने ‘झाले का?’ असे विचारत राहते. वेळ दिलेली नसेल तर दर ५ सेकंदांनी विचारायचे. ‘स्लो डाउन’ असे उत्तर आले तर आणखी ५ वाढवायचे. यूट्यूबला ही पद्धत चालते, मोजक्या स्कोपपुरती. मॅस्टोडॉनवर परतीच्या पत्त्याऐवजी ‘ओओबी’ची ठरावीक खूण दिली की कोड पानावरच दिसतो आणि तो हाताने ॲपमध्ये टाकता येतो. ट्विटरचा सात आकडी पिन हा त्यातलाच प्रकार. गूगलने हाताने कोड उतरवण्याची ही सोय फसवणुकीच्या भीतीने बंद केली, आणि भीती खरी आहे : फोनवरून कोणी एखादा कोड वाचून दाखवून ‘हा टाका’ म्हणाले, किंवा पानावर दिसणारा कोड ‘आम्हाला सांगा’ म्हणाले, तर परवानगी त्याच्या यंत्राला मिळते. कोड स्वतः सुरू केलेल्या यंत्राचाच असावा.

प्रश्न : ब्लूस्काय या सोशल मीडियासाठीचे एक ॲप ‘ॲप पासवर्ड’ मागते. हा खरा पासवर्डच ना? द्यावा का?
— वाचक, इंदूर

नाही, तो वेगळा असतो. ब्लूस्कायच्या सेटिंग्जमध्ये तो तयार करता येतो. चार-चार अक्षरांचे चार गट, मध्ये आडव्या रेघा. तयार करताना खासगी संदेशांच्या परवानगीचा एक चौकोन असतो, तो गरज नसेल तर रिकामा ठेवा. या पासवर्डने पोस्ट करता येते, पण खाते काढून टाकता येत नाही. प्रत्येक ॲपसाठी निराळा करा आणि त्याला ॲपचेच नाव द्या, म्हणजे पुढे नेमका तोच रद्द करता येईल. २०२४ पासून ब्लूस्कायवर ओऑथही आहे. तुमचे ॲप ब्राउझर उघडून परवानगी घेण्याचा पर्याय देत असेल तर तोच घ्या. आणि ॲप पासवर्डच्या चौकटीत लोक सवयीने मुख्य पासवर्ड टाकतात. काही ॲप्स त्याचे रूप पाहून थांबवतात, काही निमूट स्वीकारतात. तसे झाले असेल तर मुख्य पासवर्ड आजच बदला.